हाकेला न उठलेली

सिनेमा बाईचा होता. म्हणजे पोस्टरवर बाई होती, कंबरेवर हात ठेवून, केस वाऱ्यावर सोडून, आणि तिच्यामागे शहर जळत होतं. एरवी पोस्टरवर पुरुष असतो आणि बाई त्याच्या खांद्यामागून डोकावते. इथे उलटं होतं, म्हणून कंपनीतले सगळे स्वतःवर भलतेच खूश होते. उडणाऱ्या आणि डोंगर फोडणाऱ्या पुरुषांचे सिनेमे काढून काढून दमल्यावर त्यांना शोध लागला होता की बायकाही तिकीट काढतात. मग बाईचा सिनेमा लिहायला बाईच हवी असं कुणीतरी म्हणालं आणि धाकटीला बोलावणं आलं.

घरात ती धाकटी, म्हणून आपणही धाकटीच म्हणू. कंपनीत तिला लेखिकाबाई म्हणत आणि त्यातल्या 'बाई'वर जरा जास्त जोर देत. तोवर तिने मालिकांचे संवाद लिहिले होते, दुसऱ्यांच्या पटकथा डागडुजी करून दिल्या होत्या आणि पडद्यावर नाव यायची वेळ आली की दर खेपेला तिच्या तोंडाला पानं पुसली गेली होती. या सिनेमाला लेखक म्हणून तिचं एकटीचं नाव लागणार होतं.

नायिकेची शक्ती आधीच ठरलेली होती. तिला हाका ऐकू येतात. शहरात कुठेही कुणी अडकलं, बुडालं, पडलं की हिच्या कानात हाक येते आणि ही निघते.

"बाकीचं तुम्ही भरा," दिग्दर्शक म्हणाला होता. "जीव ओता तिच्यात. मला नुसती उडणारी बाहुली नकोय."

माणूस तसा वाईट नव्हता. बोलायचा तेव्हा त्याला ते खरंच वाटायचं, एवढीच त्याची अडचण होती.

जीव कुठून आणायचा ते धाकटीला ठाऊक होतं. तो ताईकडे होता.

ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. हात असा स्थिर की मालक अवघड भिंगं तिच्यासाठीच राखून ठेवायचा. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ताईने दुकान सोडलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. धाकटी परगावी होती, नवऱ्याला ताईने कधीच सोडचिठ्ठी दिली होती, तेव्हा आईपाशी राहणार कोण हा प्रश्न पडायच्या आधीच सुटला. आईला उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं ताईने केलं. आणि तिनेच आईला चालायच्या चौकटीला धरून पुन्हा उभं केलं. आई पलंगापासून खिडकीपर्यंत जायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, पोरीने कमाल केली.

त्यानंतर ती दुपार आली. ताईने सकाळपासून चादरी बदलल्या होत्या, आईची आंघोळ झाली होती, सांडलेलं पुसून झालं होतं. ती स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसली आणि आईने हाक मारली. ताईने ऐकली. पडदा सरकवायचा असेल नाहीतर उशी, असं तिला वाटलं. आई पुन्हा हाक मारत होती. ताई बसून राहिली. तिने चहा संपवला, सावकाश, अगदी तळाशी राहिलेला घोटसुद्धा. मग धप्प आवाज आला.

आई एकटीच उठायला गेली होती. खुबा मोडला, आणि त्यानंतर आई पलंगावरून उठलीच नाही. ताईने डॉक्टरांना सांगितलं, मी बाथरूममध्ये होते. आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. ते खरं मानून, की मुलीची लाज राखायला, हे ताईला कळलं नाही आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

हे तिने जगात एकट्या धाकटीला सांगितलं होतं. धाकटीने सिनेमासाठी ते फोनवर मागितलं. धाकटीला वाटलं, आता फोन आपटते.

"लिही," ताई म्हणाली. "पण जसं झालं तसं लिही. चहा काढायचा नाही. ती दमली होती आणि तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे दिसलं पाहिजे."

"दिसेल."

"आणि त्यानंतरही ती नायिकाच राहिली पाहिजे गं. मला बघायचंय लोक काय करतात. देवाला विचारून झालं माझं, तो काही बोलत नाही. लोकांना विचारू. थिएटरभर लोक म्हणाले की असू दे, होतं असं, तर मी..."

धाकटीने शब्द दिला.

पहिला मसुदा तिने जीव तोडून लिहिला. साऱ्या शहराच्या हाकेला धावणारी बाई स्वतःच्या आईच्या हाकेला उठत नाही, कारण दमलेली असते. पुढे सिनेमाभर ती जिथे जिथे उडून जाते ते शौर्य म्हणून नाही, एक न दिलेली ओ फेडायला. शेवटी ती आईसमोर बसते आणि सांगते. आता यात कुणाला खोट काढता येईल असं धाकटीला वाटलं नव्हतं. पण खोट काढायला माणसं पगारावर ठेवलेली असतात.

कंपनीच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर सगळा सिनेमा टाचण्यांनी टोचलेला असे, एका सीनचं एक कार्ड. प्रत्येक पात्राची एक ओळ. नायिकेची ओळ सगळ्यांत लांब होती. जाहिरातीचं बघणारा गृहस्थ, ज्याला पाठीमागे सगळे टक्केवारी म्हणत, तो त्या ओळीपुढे उभा राहिला आणि चहाच्या कार्डावर त्याने बोट ठेवलं.

"हे काय? आई हाक मारतेय आणि पोरगी चहा पितेय?"

"दमलीय ती," धाकटी म्हणाली.

"दमते कशी? शक्ती आहे ना तिच्याकडे?"

"शक्ती ऐकण्याची आहे. दमायचं कुठे सुटलंय?"

सगळे हसले. टक्केवारी नाही हसला. "लोक खुर्च्या फोडतील, बाई. आईच्या हाकेला न जाणारी मुलगी कुणाला आवडणार? ती आवडलीच पाहिजे. बाकी काही नाही झालं तरी चालेल."

दिग्दर्शकाने मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात त्याचा हातखंडा होता. त्याचे सगळे सिनेमे त्याच मार्गावर कुठेतरी पडलेले असत. दुसऱ्या मसुद्यात नायिका आईची हाक ऐकते, पण त्याच वेळी ती एका जळत्या इमारतीतून मुलांना काढत असते.

"मग तिची चूक काय?" धाकटीने विचारलं.

"चूक कशाला हवी? नायिका आहे ती."

तिसऱ्या मसुद्यात खलनायक आईला सिनेमाच्या सुरुवातीची नावं दिसायच्या आधीच मारून टाकतो, म्हणजे प्रश्नच मिटला. नायिकेला आता चूक नव्हती, दमणूक नव्हती, आई नव्हती. एक सूड होता, तोही दुसऱ्याने हाती दिलेला. भिंतीवरची तिची ओळ मात्र होती तेवढीच लांब, कारण काढलेल्या प्रत्येक कार्डाच्या जागी एक मारामारी लागली होती.

नायिकेचं काम करणारी नटी एकदा तालमीनंतर धाकटीला जिन्यात गाठून म्हणाली, "तुमचं पहिलं वाचून मी हो म्हटलं होतं. चहाचा सीन मी आरशासमोर बसून किती वेळा केला असेल. आता मला एकच काम उरलंय, लांब कुठेतरी बघायचं. काय बघतेय ते तरी सांगा."

धाकटी म्हणाली, बघते मी, काहीतरी करते. आणि खरोखर एकदा, एका बैठकीत, ती तावातावाने बोलली. टेबलावर हातही आपटला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, आणि काम पुढे चालू झालं.

अशात सरांनी होकार कळवला. सर म्हणजे मोठा नट, वय झालेला, आता नुसता उभा राहिला तरी थिएटरात शिट्ट्या पडतात असा. नायिकेच्या गुरूची छोटी भूमिका ते करणार होते. अट एकच, लोकांना रडवणारा एक सीन हवा. कंपनीत दिवाळखोराला घबाड मिळावं तसा आनंद झाला. दिग्दर्शक भिंतीसमोर येरझाऱ्या घालू लागला, आणि मग त्याला आठवलं.

या धंद्यात एक रीत आहे. चांगला सीन कुणी फेकत नाही. ज्या पात्राला तो पेलत नाही असं ठरतं त्याच्याकडून काढून, जे पात्र मोकळं असेल त्याला देतात. एका मुलाचे कपडे दुसऱ्याला घालावेत तसं. दिग्दर्शकाने काढून टाकलेल्या कार्डांच्या खोक्यातून चहाचं जुनं कार्ड शोधून काढलं, त्यावर नायिका लिहिलं होतं ते खोडलं, गुरू लिहिलं आणि गुरूच्या ओळीत टोचलं.

"हाक, चहा, आईचं पडणं, सगळं जसंच्या तसं," तो म्हणाला. "सर नायिकेला सांगतील. एका दमात. कॅमेरा हलवणारच नाही मी."

"आणि आवडतील का ते लोकांना?" धाकटीने टक्केवारीकडे बघून विचारलं. "आईच्या हाकेला न गेलेले?"

"वेडे होतील लोक!" टक्केवारी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "काय खोली आहे हो या माणसाला!"

धाकटीने तेव्हाच उठायला हवं होतं. माझं नाव काढा म्हणायला हवं होतं, निदान ताईला फोन करायला हवा होता. ती उठली नाही. तिने मनाची समजूत घातली की दगडापेक्षा वीट मऊ. सीन तर वाचला. घरी जाऊन तिने सरांसाठी तो पुन्हा लिहिला, आणि सांगायला लाज वाटते पण फार सुरेख लिहिला. पुरुषाच्या तोंडी ती वाक्यं कशी बसली पाहा! बाईच्या तोंडी त्यांना सतत कुणीतरी कारण विचारत होतं. इथे कुणी विचारलं नाही. तो गुरू, तो एकटा, तो दमलेला, पुरे.

"सीन आहे ना?" ताई फोनवर विचारायची.

"आहे."

"चहासकट?"

"चहासकट."

एकही शब्द खोटा नव्हता. नरो वा कुंजरो वा याहून वेगळं काय असतं?

पहिला खेळ दुपारचा होता. ताई सकाळच्याच बसने आली. आईपाशी शेजारीण बसली होती, पण संध्याकाळपर्यंतच. ताईने इस्त्रीचा ड्रेस घातला होता. परीक्षेच्या निकालाला आलेली मुलगी असते तशी ती खुर्चीच्या कडेवर बसली. सांगायला अजून वेळ होता. दिवे मालवेपर्यंत वेळ होता. धाकटी मूग गिळून बसली.

सिनेमा सुरू झाला. नायिकेची आई मेली. नावं आली, लेखक म्हणून धाकटीचं नाव मोठ्या अक्षरांत आलं आणि ताईने अंधारात तिचा हात दाबला. मग नायिका उडाली. तिने पूल धरला, आगगाडी अडवली, आग गिळली. मधूनमधून ती उंच इमारतीच्या कडेवर उभी राहून लांब कुठेतरी बघत होती. मागच्या रांगेतला एकजण जांभई देत म्हणाला, "हिला कुणी लोखंडातून घडवलीय काय? काहीच होत नाही हिला." ताई वाट बघत होती. प्रत्येक वेळी नायिका खाली बसली की ताई खुर्चीत पुढे सरकायची.

मध्यंतरानंतर सर आले. शिट्ट्या पडल्या, मग थांबल्या. गुरू चुलीपाशी बसला होता, नायिका त्याच्या पायाशी. "मलाही एकदा हाक आली होती," तो म्हणाला. "माझ्या आईची."

ताईचा हात धाकटीच्या हातात होता. तो हात तिने काढून घेतला नाही. तो नुसता गार पडत गेला, आणि धाकटीला ते सगळं बोटांना कळत गेलं. पडद्यावर तो म्हातारा चहाचं सांगत होता, तळाशी राहिलेल्या घोटाचं, धप्प आवाजाचं. बाथरूमचंही. सरांचा आवाज फाटला. थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. ताईच्या पलीकडची बाई डोळ्यांना पदर लावून ताईलाच म्हणाली, "बिचारा! किती वर्षं मनात ठेवलं असेल हो त्याने. माणूसच आहे शेवटी."

"हो ना," ताई म्हणाली.

नायिकेने मान डोलावली आणि ती पुन्हा उडाली.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती. वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहिणारा एक समीक्षक धाकटीला शोधत आला. "गुरूचं पात्र काय उभं केलंयत! तेवढ्या एका सीनसाठी सिनेमा बघावा. पण नायिका अगदीच कच्ची राहिली. रागावू नका, बाईने लिहिलेली बाई इतकी कच्ची असावी, याचं नवल वाटतं."

ज्यांनी नायिकेचं एकेक हाड काढून नेलं ते चारपाच पावलांवर हार घालून घेत होते, आणि मांस कमी पडलं म्हणून बोल धाकटीला. ती उत्तर देणार तोच दिग्दर्शक धावत आला. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"लेखिकाबाई, ठरलं! गुरूचा स्वतंत्र सिनेमा. सरांनी आत्ताच सांगितलं. त्याची आई, ते घर, तो अपराध, सगळं सविस्तर. तुम्हीच लिहायचं. कराल ना?"

ताई एक पायरी खाली उभी होती.

"करते," धाकटी म्हणाली.

तो शब्द इतका पटकन आला की तिचा तिलाच आधी ऐकू आला, मग कळला. दिग्दर्शक गर्दीत परत गेला.

बसच्या थांब्यापर्यंत दोघी चालत गेल्या. थांब्यावर एक बाक होता. ताई बसली, धाकटी उभीच राहिली.

"सगळ्यांनी माफ केलं त्याला," ताई म्हणाली.

"ताई, मी भांडले गं. तुला माहीत नाही, मी..."

"लगेच केलं. मी बघत होते. मला वाटलं होतं, लोक जरा तरी थांबतील." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच धाकटीला सोसवेना. "म्हणजे गोष्ट माफ होण्यासारखी आहे. ती बाईची असली तर नाही, इतकंच."

"ती तुझीच गोष्ट आहे. ऐकलंस ना, लोक रडत होते."

"त्याच्यासाठी रडत होते. माझ्या शेजारी बसून, माझ्याकडे बघून, त्याच्यासाठी." ताईने पर्स मांडीवर नीट ठेवली. "तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा ती मुलगी एकुलती एक होती ना?"

"हो. म्हणजे, गोष्ट सुटसुटीत होते तशी."

"होते खरी." ताईने रस्त्याकडे पाहिलं. बस वळणावर दिसायला लागली होती. "आता याच्या सिनेमात याला एक बहीण दे. परगावी राहणारी. फोन करून आई कशी आहे विचारते, बरी आहे म्हटलं की हुश्श करून ठेवून देते. आईच्या हाकेला तीही कधी गेली नाही. तिला कुणी जाब विचारत नाही, कारण हाक ऐकू येईल इतक्या जवळ ती कधी राहिलीच नाही. तिचं लिही. माझं लिहून झालंय."

धाकटीला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. पण तिचं डोकं धंद्यात मुरलेलं होतं. ते आपोआप चालू लागलं होतं. बहिणीचं कार्ड कुठल्या ओळीत बसेल, तिला सीन किती, सरांच्या बाजूने झुकलेला प्रेक्षक तिच्यामुळे बिचकेल की काय. आणि ती बोलून गेली:

"अशी बहीण लोकांना आवडायची नाही, ताई."

बस येऊन थांबली. दार उघडलं. ताई उठली, ड्रेसची चुणी सरळ केली आणि धाकटीकडे तिने असं पाहिलं, जसं तडा गेलेलं एखादं भिंग उजेडात धरून बघावं.

"मग काढून टाक," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. शेजारीण संध्याकाळपर्यंतच थांबणार होती.